धूप, दाखला आणि ख्रिस्ताचे नाव: रोमन छळाच्या काळातील निष्ठेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या छळाविषयी सर्वाधिक प्रश्न येतात ते सिंहांविषयी आणि आखाड्याविषयी. पण बहुतेक ख्रिस्ती माणसांची कसोटी आखाड्यात झाली नाही. ती गावच्या चावडीवर, एका कागदापुढे, म्हणजे देवांना बलिदान दिल्याच्या सरकारी दाखल्यापुढे झाली. म्हणून इथली बरीच उत्तरे त्या कागदाभोवती फिरतात. छळात ज्यांनी माघार घेतली त्यांना आम्ही ‘ढळलेले’ म्हटले आहे. ज्यांनी अधिकाऱ्यापुढे ख्रिस्ताचे नाव कबूल केले, पण ज्यांचा जीव वाचला, ते ‘कबुलीदार’.

१. रोमन सरकार ख्रिस्ती लोकांकडून नेमकं काय मागत होतं?

ते काळानुसार बदलले. सुमारे इ.स. ११२ मध्ये बिथुनियाचा सुभेदार प्लिनी संशयितांना ‘तू ख्रिस्ती आहेस का?’ असे तीनदा विचारी. होकारावर ठाम राहणाऱ्याला मृत्युदंड. नाकारणाऱ्याला तीन गोष्टी करून दाखवाव्या लागत: देवांची प्रार्थना, सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप व द्राक्षारस, आणि ख्रिस्ताला शाप.

इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसच्या हुकमाखालीही तीनच गोष्टी होत्या, पण वेगळ्या: द्राक्षारसाचे अर्पण ओतणे, बलिदान देणे आणि त्या बलिदानाचे मांस चाखणे. ख्रिस्ताला शाप देण्याचा उल्लेख त्या काळच्या दाखल्यांत कुठेच नाही. अनेकांचा पाय घसरला तो इथेच. ‘मी प्रभूविरुद्ध एक शब्दही बोललो नाही’ अशी मनाची समजूत घालता येत होती.

२. तो दाखला कसा असे? त्यावर काय लिहिलेलं असे?

इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. पहिला १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. बरेचसे फायूम भागातल्या थेआडेल्फिया या एकाच गावचे आहेत. लॅटिनमध्ये त्यांना ‘लिबेल्लुस’ म्हणत. मजकूर जवळजवळ ठरलेला असे:

आधी ‘बलिदानांवर देखरेख करण्यासाठी निवडलेल्या’ मंडळाला उद्देशून अर्ज. मग अर्जदाराचे नाव, आईबापाचे नाव आणि गाव; वय व ओळखीची खूणही पुष्कळदा असे. अलेक्झांड्रू नेसोस गावच्या ऑरेलियस डायोजेनिसच्या दाखल्यात वय ७२ आणि उजव्या भुवईवर व्रण अशी नोंद आहे. त्यानंतर विधान: मी देवांना नेहमीच बलिदान देत आलो आहे, आणि आताही तुमच्यादेखत हुकमाप्रमाणे अर्पण ओतले, बलिदान दिले व चाखले, तसे प्रमाणित करावे. खाली अधिकाऱ्याची ‘बलिदान देताना पाहिले’ अशी सही आणि तारीख. सापडलेल्या दाखल्यांच्या तारखा १२ जून ते १४ जुलै २५० या पाच आठवड्यांतल्या आहेत.

त्यातला ‘नेहमीच’ हा शब्द लक्षात ठेवा. आजच्या एका कृतीचा दाखला म्हणून माणूस तो घ्यायला जाई, आणि आपण कधी ख्रिस्ती नव्हतोच असे लिहून देऊन येई.

३. हा छळ तीनशे वर्षं अखंड चालला का?

नाही. २५० पूर्वीचा छळ तुटक आणि स्थानिक होता. एखाद्या शहरात उसळे, शेजारच्या प्रांतात शांतता असे. ख्रिस्ती लोकांना शोधत फिरू नये आणि निनावी तक्रारी घेऊ नयेत, असे सम्राट त्राजाननेच प्लिनीला कळवले होते. साम्राज्यभर लाटा आल्या त्या तीन: डेशियस (२५०), व्हॅलेरियन (२५७ ते २६०) आणि डायोक्लेशियन (३०३ पासून). शेवटची लाट सम्राट गॅलेरियसने ३० एप्रिल ३११ च्या हुकमाने मागे घेतली, आणि ३१३ मध्ये मिलानच्या समझोत्याने जप्त मालमत्ता परत करण्याचे ठरले.

गोव्यात आणि वसईत २० जानेवारीला संत सेबॅस्टियनचा सण होतो. त्याच तारखेला रोमचे बिशप फाबियन यांचेही स्मरण असते. ते डेशियसच्या छळात २० जानेवारी २५० रोजी मरण पावले. पहिला घाव मेंढपाळांवर, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवर पडला तो असा.

४. सरकारला एका लहानशा पंथाचं एवढं काय पडलं होतं?

देवांचा कोप झाला तर राज्यावर संकट येते, ही रोमची श्रद्धा होती. २४८ मध्ये रोमची सहस्र वर्षे साजरी झाली, आणि त्याच सुमारास सरहद्दीवर गॉथ टोळ्या चालून येत होत्या. २१२ मध्ये कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिले होते. दाखल्यांत सगळीकडे ‘ऑरेलियस’, ‘ऑरेलिया’ दिसते ते त्यामुळेच. सगळेच नागरिक, तर देवांचे देणेही सगळ्यांनीच फेडावे, असा डेशियसचा हिशोब होता. त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्यांनाही दाखला घ्यावा लागला. आर्सिनोए इथला एक दाखला तर मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे.

५. ‘वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असा’ हे रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात आहे. मग नकार देणं वचनाविरुद्ध नव्हतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचे उत्तर रक्तसाक्ष्यांनी (श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्यांनी) कोर्टातच दिलेले आहे. १७ जुलै १८० रोजी कार्थेजमध्ये सिल्ली गावच्या १२ ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना मृत्युदंड झाला. त्यांच्यातला स्पेरातुस सुभेदाराला म्हणाला की मी चोरी केलेली नाही, आणि जे विकत घेतो त्याचा कर भरतो. सुभेदाराने विचार करायला ३० दिवसांची मुदत देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही.

सीमारेषा इथे स्पष्ट दिसते. कर द्यायचा, कायदा पाळायचा, सम्राटासाठी प्रार्थना करायची (तीमथ्याला पहिले पत्र २:२), पण सम्राटाची किंवा त्याच्या देवांची उपासना करायची नाही. पेत्राने न्यायसभेपुढे ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ असे म्हटले (प्रेषितांची कृत्ये ५:२९), तेही सभेसमोर उभे राहून. त्याने दंगल केली नाही की शिक्षा चुकवली नाही. नकार फक्त त्या एका मागणीला होता. बाकी सर्व बाबतीत चांगले नागरिक राहिल्यामुळेच तो नकार उठून दिसत होता.

६. पळून जाणं म्हणजे ख्रिस्ताला नाकारणं का?

नाही, असे बहुसंख्य मंडळीने मानले. आधार मत्तय १०:२३ चा: एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. कार्थेजचे बिशप सिप्रियन २५० मध्ये लपले आणि २५१ पर्यंत पत्रांतून मंडळी चालवली. रोममधल्या याजकांनी त्यांना त्यावरून टोमणे मारले, आणि त्यांना आपल्या वागण्याचा खुलासा करावा लागला. पळणाऱ्याचे घरदार जप्त होई, म्हणजे तोही किंमत मोजतच होता. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने मात्र पळण्याविरुद्ध अख्खे पुस्तक लिहिले. ते मत मंडळीने स्वीकारले नाही.

२५८ मध्ये मात्र सिप्रियन यांनी देश सोडण्याचे मित्रांचे म्हणणे ऐकले नाही. युटिका शहरात नेऊन शिक्षा होऊ नये, बिशपने आपल्याच लोकांमध्ये साक्ष द्यावी, म्हणून ते थोडे दिवस दडले आणि सुभेदार कार्थेजला परतल्यावर घरी आले. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. तेव्हा पळणे योग्य की थांबणे योग्य हे परिस्थिती आणि जबाबदारी पाहून ठरत असे. जिवाची भीती हे एकच कारण नसे.

७. मग स्वतःहून हजर होणं जास्त धैर्याचं नाही का?

मंडळीने याला स्पष्ट मनाई केली. स्मुर्णाचे बिशप पॉलिकार्प यांच्या रक्तसाक्षीच्या वृत्तांतात क्विंटस नावाच्या फ्रुगियाकराची हकीकत आहे. तो स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही पुढे केले आणि श्वापदे पाहताच डगमगून बलिदान देऊन मोकळा झाला. वृत्तांत लिहिणारे तिथेच म्हणतात की स्वतःहून जाणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करत नाही. उत्साहाच्या भरात माणूस स्वतःची शक्ती चुकीची मोजतो आणि आपल्यामागे दुबळ्यांना ओढतो.

८. तुरुंगात असलेल्यांना मंडळी मदत कशी करत असे?

रोमन तुरुंगात जेवणाची सोय बाहेरच्यांनीच करायची असे, त्यामुळे ही मदत जगण्यामरण्याची होती. सिप्रियन यांच्या सूचना आजही व्यवहार्य वाटतात. तुरुंगापाशी घोळक्याने जाऊ नका; गर्दीमुळे प्रवेशच बंद होईल. कैद्यांसोबत प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) करायला जाणाऱ्या याजकांनी एकेकट्याने, डीकन (याजकाचा मदतनीस सेवक) बदलून, पाळीपाळीने जावे. चेहरे बदलले की संशय कमी होतो. कोण कोणत्या दिवशी मेला ते लिहून ठेवा, म्हणजे वार्षिक स्मरण करता येईल. कारावासातच मेलेल्याची गणना रक्तसाक्ष्यांतच करा.

पैसा कुठून येई? सामान्य दानपेटीतून. २५१ च्या सुमारास रोमच्या मंडळीत ४६ याजक आणि ७ डीकन होते, आणि ती १५०० हून अधिक विधवा व गरजूंना पोसत होती. ही व्यवस्था छळाआधीच उभी होती. संकट आल्यावर ती उभारायला वेळ मिळाला नसता.

९. एखाद्याने बलिदान दिलंच नाही, फक्त पैसे देऊन दाखला मिळवला, तर तो दोषी कसा?

अशा लोकांना ‘दाखलेवाले’ म्हणत. काहींनी तर अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे सांगितले होते: मी ख्रिस्ती आहे, वेदीपाशी येऊ शकत नाही, हे पैसे घ्या. सिप्रियन यांनी त्यांची बाजू समजून घेतली, पण दोष काढून टाकला नाही. कारण दाखला हा लेखी कबुलीजबाब आहे. हाताने धूप टाकला नसला तरी ‘टाकला’ असे जगाला सांगणारा कागद त्याने खिशात ठेवला. प्रत्यक्ष बलिदान देणाऱ्यापेक्षा त्याचा अपराध हलका ठरला आणि त्याला लवकर परत घेतले गेले (प्रश्न १३ पाहा).

१०. मग लाच देऊन सुटका करून घेणंही पाप ठरलं असेल?

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्यावा. अलेक्झांड्रियाचे बिशप पीटर यांनी ३०६ मध्ये प्रायश्चित्ताचे नियम लिहिले. त्यांच्या १२ व्या नियमानुसार, कोणी आपल्याला त्रास देऊ नये म्हणून ज्यांनी पैसे मोजले त्यांच्यावर ठपका नाही. त्यांनी पैशाचे नुकसान सोसले, ख्रिस्त सोडला नाही. थेस्सलनीकात यासोनाने जामीन देऊन पौलाला वाचवले, ते उदाहरण पीटर देतात. पैसे दोघांनीही दिले. पण एकाने खोटा कागद घेतला, दुसऱ्याने काहीच लिहून दिले नाही. आमच्या मते सगळ्या नियमांत हा सर्वांत बारकाईने विचार केलेला नियम आहे.

११. स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवलं, किंवा कुटुंबातल्या एकानेच सर्वांसाठी बलिदान दिलं तर?

ख्रिस्ती गुलामाला आपल्या जागी पाठवणाऱ्या धन्यासाठी पीटर यांनी तीन वर्षांचे प्रायश्चित्त ठरवले, आणि गुलामासाठी एक वर्ष. गुलाम धन्याच्या धाकाखाली होता म्हणून त्याला कमी. धन्याने स्वतःची कातडी वाचवायला भावाला पुढे केले म्हणून त्याला तिप्पट.

कुटुंबाच्या बाबतीत सिप्रियन दोन माणसे शेजारी उभी करतात. एकाने बायकोमुलांना, कुळांना आणि मित्रांनाही वेदीपाशी नेले. दुसरा सर्वांच्या वतीने एकटा गेला, घरच्यांना वाचवले आणि पळून आलेल्या बांधवांना आसराही दिला. दोघांनीही बलिदान दिले, तरी दोघांचा न्याय एकाच मापाने करता येणार नाही, असे ते म्हणतात.

१२. हात धरून जबरदस्तीने धूप टाकायला लावला, तोंडात मांस कोंबलं, तर?

अपराध नाही. ३१४ मध्ये अंकिरात (आजचे अंकारा) भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा ३ रा नियम याच लोकांसाठी आहे: ज्यांना बांधून आणले, ज्यांच्या हातात धूप कोंबला, आणि जे शेवटपर्यंत ‘आम्ही ख्रिस्ती आहोत’ म्हणत राहिले, त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवू नये, आणि ठेवले असेल तर ताबडतोब परत घ्यावे. याजक असेल तर त्याचे पदही राहते. पीटर तर अशांना कबुलीदारांमध्येच गणतात.

१३. ढळलेल्यांना परत घ्यायचं की नाही, हे कोणी ठरवलं?

यावरून मंडळीत फूट पडली. एका टोकाला काही कबुलीदार होते. ते तुरुंगातून सढळ हाताने शिफारसपत्रे देऊ लागले, कधी नुसते ‘अमुक आणि त्याची माणसे’ असे लिहून. ‘त्याची माणसे’ म्हणजे वीस की तीस, असा सिप्रियन यांचा रास्त प्रश्न होता. दुसऱ्या टोकाला रोमचा याजक नोव्हेशियन होता. त्याचे म्हणणे असे की बलिदान देणाऱ्याला मंडळीने कधीच क्षमा देऊ नये. तो २५१ मध्ये आपला गट घेऊन वेगळा झाला.

२५१ मध्येच कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या सभेने मधला मार्ग काढला. दाखलेवाल्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावे. प्रत्यक्ष बलिदान देणाऱ्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे आणि मरणाच्या दारी त्यांना प्रभुभोजन द्यावे. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच, प्रायश्चित्त करत असलेल्या सर्वांना परत घेण्याचे ठरले. प्रभूचे रक्त ज्याला आपण देत नाही, त्याला प्रभूसाठी रक्त सांडायला कसे सांगणार, हे त्यामागचे कारण होते.

१४. प्रायश्चित्त किती वर्षं आणि कोणत्या पायऱ्यांनी असे?

पूर्वेकडच्या मंडळ्यांत तीन मुख्य पायऱ्या होत्या. ‘ऐकणारे’ शास्त्रवाचन व उपदेश ऐकून बाहेर पडत. ‘गुडघे टेकणारे’ प्रार्थनेत वाकून सामील होत. तिसऱ्या पायरीवरचे पूर्ण उपासनेला उभे राहत, पण भाकर व प्याला घेत नसत.

अंकिरात माणूस वेदीपाशी कसा गेला हेही पाहिले गेले. चांगले कपडे घालून हसतमुखाने जाऊन जेवलेल्याला १ वर्ष ऐकणे, ३ वर्षे गुडघे टेकणे, २ वर्षे फक्त प्रार्थना. सुतकी कपड्यांत जाऊन जेवणभर रडत राहिलेल्याला ३ वर्षे गुडघे टेकणे. ३२५ च्या नायसिया परिषदेने, कोणतीही सक्ती नसताना ढळलेल्यांना ३, ७ आणि २ अशी एकूण १२ वर्षे दिली. पीटर यांनी मात्र छळ अजून चालू असताना लिहिले, आणि जे अंगभर यातना सोसून शेवटी मोडले व तीन वर्षे शोक करत होते, त्यांना केवळ ४० दिवस आणखी उपास सांगितला.

१५. धर्मग्रंथ सोपवण्याचा प्रकार काय होता?

२३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमेडियातली चर्चची इमारत पाडली गेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या हुकमात ग्रंथ जाळण्याचा आदेश होता. १९ मे ३०३ रोजी सिर्टा (आजच्या अल्जीरियात) इथे झालेल्या झडतीचा सरकारी पंचनामाच टिकून आहे: २ सोन्याचे व ६ चांदीचे प्याले, ७ चांदीचे दिवे, स्त्रियांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, स्त्रियांच्या पादत्राणांचे ४७ जोड. कपडे बहुधा गरिबांना वाटण्यासाठी साठवलेले. ग्रंथ मात्र तिथे एकच मिळाला, कारण बाकीचे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्या वाचकांच्या घरी होते. मग अधिकारी घरोघर गेले. कोणी ४ काढून दिले, कोणी ५, कोणी ८.

पळवाटाही निघाल्या. कार्थेजचे बिशप मेन्सुरियस यांनी पाखंडी लोकांची पुस्तके पुढे केली आणि शिपाई ती घेऊन गेले. टिगिसीसचे बिशप सेकुंदुस म्हणाले की आपण तर रद्दीचा तुकडाही दिला नाही. यावर एकमत कधीच झाले नाही. आम्हाला सेकुंदुसची बाजू अधिक बळकट वाटते. शिपायाने ‘ग्रंथ मिळाले’ असा अहवाल पाठवला की प्रश्न ९ मधल्या दाखल्यासारखीच गत होते.

१६. ग्रंथ सोपवणाऱ्या बिशपने दिलेली दीक्षा (याजक वा बिशप म्हणून नेमणूक) वैध असते का?

उत्तर आफ्रिकेत याच प्रश्नावर डोनॅटिस्ट फूट पडली आणि ती शतकाहून अधिक चालली. ३१४ च्या आर्लच्या परिषदेने दोन गोष्टी ठरवल्या. ग्रंथ सोपवल्याचे सरकारी दप्तरावरून सिद्ध झाले तर याजकाला काढावे; तोंडी आरोप चालणार नाही. पण त्याने दिलेली दीक्षा रद्द होत नाही.

१७. सैन्यात राहून ख्रिस्ती असता येत होतं का?

बरेच जण होते. १२ मार्च २९५ रोजी थेवेस्ते इथे २१ वर्षांच्या माक्सिमिलियनने भरतीला नकार दिला, तेव्हा सम्राटांच्या पहाऱ्यावरही ख्रिस्ती शिपाई आहेत, असे सुभेदाराने त्याला ऐकवले. त्याने उत्तर दिले की त्यांचे त्यांना ठाऊक. सेवा सोडून पुन्हा लाच देऊन आत शिरणाऱ्यांवर नायसियाचा १२ वा नियम कडक आहे: ३ वर्षे ऐकणे, १० वर्षे गुडघे टेकणे. खरा पश्चात्ताप दिसला तर बिशप ते कमी करू शके.

१८. शेजारचे किंवा ऑफिसमधले प्रसाद देतात. या नियमांप्रमाणे तो घेणं म्हणजे ढळणं का?

वरचे नियम राज्याच्या सक्तीने, ख्रिस्त सोडल्याची खूण म्हणून केलेल्या कृतीविषयी आहेत. शेजारणीने प्रेमाने आणलेली वाटी ही ती कृती नव्हे. इथे पौलाचे मार्गदर्शन लागू पडते (करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ८ ते १०): बाजारातले मांस चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका, आणि मंदिरातल्या पंगतीला बसू नका. अंकिराचा ७ वा नियम तर उत्सवाच्या जागी जाऊन स्वतःच्या घरचा डबा खाल्लेल्यांविषयी आहे. त्यांनाही २ वर्षे गुडघे टेकावे लागले, कारण तिथे बसणे हीच साक्ष होती.

आपल्याकडच्या मंडळ्यांत याविषयी एकच रीत नाही. आपल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना विचारा. नाकारायचा असेल तर हात जोडून, देणाऱ्याच्या श्रद्धेविषयी वावगा शब्द न काढता नाकारावा.

१९. प्रायश्चित्त पूर्ण होण्याआधीच मरण आलं तर?

नायसियाचा १३ वा नियम सांगतो की मरणाऱ्याला शेवटची शिदोरी, म्हणजे प्रभुभोजन, नाकारू नये. तो बरा झाला तर पुन्हा प्रायश्चित्त करणाऱ्यांमध्ये बसेल.

हा नियम होण्याआधीच अलेक्झांड्रियात तसे घडले होते. सेरापियन नावाचा म्हातारा डेशियसच्या छळात ढळला होता, आणि त्याच्या विनवण्यांकडे कोणी लक्ष देत नव्हते. तो आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली. चौथ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा त्याने नातवाला याजकाकडे धाडले. रात्र होती आणि याजक स्वतः आजारी होता. त्याने भाकरीचा लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि भिजवून आजोबांच्या तोंडात घालायला सांगितले. मुलाने तसे केले. म्हाताऱ्याने घास गिळला आणि प्राण सोडला. बिशप डायोनिसियस यांनी ही हकीकत अंत्योखियाचे बिशप फाबियस यांना लिहून कळवली, कारण फाबियस यांचे मन तेव्हा नोव्हेशियनकडे झुकत होते.